डाव्या पायावरचा आळ

पडेगावच्या रस्त्याला बिभीषण मिस्तरीचं गॅरेज आहे, पण त्याच्यावर पाटी नाही. एक होती, ट्रकचा धक्का लागून ती वाकली तेव्हापासून आतल्या भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्यामागं जुने सायलेन्सर ठेवलेत. पाटीवाचून काही अडलंही नाही. दौलताबादकडून येणारा असो की छावणीकडून जाणारा, तो समोरच्या चहाच्या टपरीवर थांबून विचारायचा, "गाडी न उघडता रोग सांगणारा मिस्तरी हितंच कुठं हाय ना?" आणि टपरीवाला कडुबा हातातल्या गाळणीनंच गॅरेजकडं दाखवायचा.

ही कीर्ती खोटी होती असं कोणी म्हणू नये. गाडी रस्त्यावरून वळून गॅरेजच्या उतारावर आली की बिभीषण हातातला पाना खाली ठेवायचा, मान जरा तिरकी करायचा आणि ऐकायचा. मालक दार उघडून खाली उतरेपर्यंत याचा निकाल तयार. "पुढचं डावं बेअरिंग. आन ब्रेकपण घासून आलेत." बहुतेक वेळा तेच निघायचं. आता लोक कीर्ती सांगताना 'बहुतेक' हा शब्द गाळतात, ते त्यांचं कामच आहे. गंमत अशी की ज्याची कीर्ती असते तोही पुढं पुढं तो शब्द गाळायला लागतो.

हा कान त्याला बापाकडून आला होता. सोनाजीनं, म्हणजे बिभीषणच्या बापानं, सगळी उमर मेंढ्यांमागं काढली. अंधारात नुसत्या खोकल्यावरून तो मेंढरू ओळखायचा. पण त्याची एक शिस्त होती. कळपामागं एखादं मेंढरू रेंगाळलं आणि कोणी त्याला आळशी म्हणून काठी उगारली की म्हातारा खेकसायचा, "आधी खूर उचलून बघ, मंग बोल!" आणि खूर उचलला की बऱ्याचदा बाभळीचा काटा सापडायचा. बिभीषणनं बापाचा कान घेतला. खूर उचलायचा राहून गेला.

गेल्या दिवाळीनंतर इंद्रजीतची पांढरी व्हॅन त्या उतारावर आली. इंद्रजीत जवळच्याच शेतकरी घरातला. घरची जमीन आहे, पण तो वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जातो. व्हॅन घेतली होती बायकोच्या, तनुजाच्या धंद्यासाठी. शहरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला खेड्यापाड्यांतून पोरं येऊन राहतात. त्यांना तनुजा घरचे डबे पुरवायची. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. भाकऱ्या थापायला गीताबाई नावाची शेजारीण होती. आधी इंद्रजीतच डबे पोचवायचा, पण पाळी बदलली की सगळा घोळ. म्हणून तनुजा गाडी शिकली, परवाना काढला आणि स्वतःच डबे घेऊन औरंगपुऱ्यापर्यंत जाऊ लागली. पडेगावात बाईमाणसानं व्हॅन चालवणं काही जगावेगळं नव्हतं, पण वळून बघण्याइतकं होतं.

त्या दिवशी गाडी इंद्रजीत चालवत होता आणि तनुजा मागं डब्यांच्या पिशव्या धरून बसली होती.

"मिस्तरी, हिला काय झालंय बघा बरं," इंद्रजीत उतरत म्हणाला. "रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलतंय, पण गाडी ओढत नाय. काल दौलताबादच्या घाटात मागचे ट्रकवाले शिव्या घालू लागले."

बिभीषण स्वतः जाऊन बसला. हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. धडधाकट गाडी अशा वेळी एक गचका खाते आणि बंद पडते. ही पडली नाही. इंजिन आपलं मजेत गुणगुणत राहिलं, चाकांशी जणू काही देणंघेणंच नाही. मग तो वास आला, चुलीत रबर पडावं तसा. क्लचची प्लेट घसरत होती. इंजिनाची ताकद चाकांकडं नेणारी पकडच सुटली होती. इथपर्यंत बिभीषणचं एक अक्षर चुकलं नव्हतं. इथंच तोंड मिटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पण समोर कडुबाच्या बाकावर रिक्षावाले बसले होते, शेजारचा पंक्चरवाला होता, आणखी दोघे-तिघे होते, आणि सगळे इकडंच बघत होते. बघणारे असले की बिभीषणच्या जिभेला हाड राहायचं नाही.

"ही प्लेट जळाली नाय भाऊ, जाळलीय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "घरात गाडी नवीन कोण शिकलंय?"

"मंडळी," इंद्रजीत म्हणाला.

"मंग झालं की! बाईमाणसाचा डावा पाय क्लचवर असा बसतो, जसं पाटावर जेवायला बसलंय. उठायचं नावच नाय!"

टपरीवर हशा पिकला. "क्या बोले मिस्तरी, एकदम सही!" म्हणून एका रिक्षावाल्यानं मांडीवर थाप मारली. इंद्रजीतही हसला, चार माणसांत हसावं लागतं तितपत. तनुजा हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं मान खाली घालून स्वतःच्या डाव्या चपलेकडं बघितलं.

हा विनोद बिभीषणनं काही नव्यानं पाडला नव्हता. क्लच जळाला की आधी घरातल्या बाईची चौकशी करायची, हा गॅरेजांतला जुना रिवाज आहे. बाई गाडी चालवत असेल तर कारण सापडलं. नसेल तर मग खाली वाकून शोधायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंक्चरवाल्याला हाक मारून गिअर बॉक्स खाली घेतला आणि जळकी प्लेट बाहेर काढली. काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा, ही त्याची पद्धत. यालाच तो इमानदारी म्हणायचा. त्या सकाळी तनुजा समोरच्या थांब्यावर रिक्षाची वाट बघत होती. बिभीषणनं तिला बोलावलं आणि प्लेट पुढं धरली.

"बघा ताई, हे तुमच्या पायाचं काम."

तनुजानं प्लेटला बोट लावून बघितलं. बोट काळं झालं. ते पदराला पुसायचंही तिला सुचलं नाही. मूठ मिटून ती तशीच रस्ता ओलांडून गेली.

व्हॅन नवी प्लेट बसून घरी गेली आणि तनुजा थांब्यावरच राहिली. घरात कोणी तिला चालवू नको म्हटलं, असं नाही. सासू चतुराबाई एवढंच म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं का?" आणि इंद्रजीत म्हणाला, "बघू थोडे दिवस." किल्ली खिळ्याला अडकवली ती तनुजानं स्वतः. व्हॅनमध्ये जेवढे डबे मावायचे तेवढे शेअर रिक्षात कसे मावणार? दोन पिशव्या मांडीवर, एक पायाशी, आणि रिक्षावाल्याची कुरकुर वेगळी. डबे निम्म्यावर आले. गीताबाईला भाकऱ्यांचं काम उरलं नाही. ती परत खुरपायला जायला लागली.

बिभीषणला हे रोज समोर दिसत होतं. थांबा गॅरेजच्या बरोबर समोर, कडुबाच्या टपरीला लागून. बाई पिशव्या घेऊन उभी राहायची, रिक्षा भरलेली आली तर सोडायची, पुढची बघायची. 'हिचं मन उडालं वाटतं गाडीवरून,' असं त्याच्या मनात एकदा आलं आणि गेलं. उडालेल्या मनाचं कारण तो स्वतः असेल, ही शंकासुद्धा त्याला शिवली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, पुढं काय झालं ते बघायला जीभ थोडीच थांबते.

होळी झाली, उन्हं तापायला लागली, आणि एका सकाळी तीच पांढरी व्हॅन उतारावर आली. बिभीषणनं मान तिरकी केली. इंजिन ओरडत होतं, चाकं रेंगाळत होती. तोच रोग.

त्याच्या जिभेवर विनोद तयारच होता. "काय भाऊ, ताईंनी परत—"

"ती कुठं हो," इंद्रजीत म्हणाला. "तिनं तवापासून किल्लीला हात लावला नाय. मीच चालवू राहिलो."

बिभीषणचं तोंड उघडंच राहिलं. मग ते त्यानं मिटलं.

"ठेवून जा," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं गाडी न उघडता काही सांगितलं नाही. कडुबानं हाक मारून विचारलंसुद्धा, "काय निघालं मिस्तरी?" बिभीषणनं ऐकलं नाही असं दाखवलं.

इंद्रजीत गेल्यावर त्यानं गिअर बॉक्स उतरवला. दिवाळीनंतर बसवलेली प्लेट हातात घेतली तर ती तेलानं माखलेली. नुसती जळकी नव्हती, ओली होती. त्यानं बॅटरी पेटवून आत बघितलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, दांडा जिथून बाहेर येतो तिथं रबराचं एक कडं असतं, तेल आतच अडवून धरायला. सील म्हणतात त्याला. त्या सीलची कड कडक होऊन चिरली होती आणि तिथून तेल झिरपून प्लेटवर उतरत होतं. तेल लागलं की प्लेट पकडत नाही, घसरते. घसरली की तापते आणि जळते. चालवणारा कोणीही असो. त्याचा पाय कसाही असो.

बिभीषण गाडीखालीच बसून राहिला. सील आत्ताच गेलं असेल, असं त्यानं मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना. कारण त्याला चिंधी आठवत होती.

गेल्या खेपेला गिअर बॉक्स उतरवला तेव्हा ह्याच जागी काळी, ओलसर चकाकी होती. त्याला दिसली होती. न दिसती तर चूक म्हणता आली असती. चूक कोणाच्याही हातून होते. त्यानं ती बघितली, घटकाभर थांबला आणि कमरेची चिंधी काढून पुसून टाकली. पुसताना मनाशी म्हणालाही होता, 'ग्रीस लागलं असंल.' सील तपासायचं म्हणजे आणखी खोलायचं होतं, पण तो काही आळस नव्हता. कामाला बिभीषण कधी मागं हटला नाही. आदल्या दिवशी तो चार माणसांत बोलून बसला होता, हे खरं कारण. हशा पिकला होता. आता सीलमधून तेल निघालं असतं, तर पाटावर बसलेल्या पायाचं काय करायचं? तोंडातून गेलेला शब्द खरा राहावा म्हणून त्यानं डोळ्यांनी दिसलेलं पुसलं होतं. आणि त्यानंतर तीच प्लेट नेऊन त्या बाईच्या हातात दिली होती. वर, इमानदारी म्हणून.

त्याला लाज वाटली, अगदी उघडी लाज. गाडीखाली बघायला कोणी नव्हतं, तरी त्यानं तोंड फिरवलं.

दुपारी इंद्रजीतचा फोन आला. "काय निघालं मिस्तरी? प्लेट डुप्लिकेट होती का काय?"

सुटकेचा रस्ता समोरून चालत आला होता. 'व्हय, डुप्लिकेट निघाली,' म्हटलं की दुकानदाराच्या डोक्यावर खापर. बिभीषण एवढा काही खाली उतरला नाही. पण वरही चढला नाही.

"सील गेलंय इंजिनाचं," तो म्हणाला. "तेल उतरू राहिलंय प्लेटवर."

"आत्ताच गेलं?"

"रबर हाय ते. जुनं झालं की जातंच."

खोटं एकही अक्षर नाही, आणि खरंही काही सांगितलेलं नाही. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण सील बदलू, मजुरी घ्यायची नाही, गाडी नीट चालेल, विषय संपला. नव्या सीलला हातानं तेल लावून त्यानं ते बेतानं बसवलं, नवी प्लेट मधोमध बसली की नाही ते पुन्हापुन्हा बघितलं. एवढं हळुवार काम त्यानं बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. पण खाई त्याला खवखवे. काम चांगलं होत चाललं तसं त्याला आतून आणखीच वाईट वाटू लागलं.

त्याची बायको शीला दुपारचं जेवण घेऊन आली. मिस्तरी भाकरी मोडतोय आणि तोंडात घालत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"काय झालं?"

"काय नाय. ती तनुजाताई... तिच्याकडची गीताबाई भेटती का तुला?"

"भेटती की. लोकाच्या रानात खुरपू राहिली. ऊन किती हाय बघा." शीलानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "तनुजाची गाडी बंद झाली आन हिची भाकर गेली."

मग बिभीषणनं तिला सगळं सांगितलं. चिंधीसकट. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "स्कूटी शिकवताना मला पण तुमी असंच म्हणला व्हता. हिच्यानं नाय व्हायचं, म्हणून."

"ते मी हसत म्हणलो व्हतो."

"व्हय," शीला म्हणाली. "मी पण हसले व्हते." आणि ती रिकामं फडकं घडी करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं सील चिंधीत गुंडाळून तो रस्ता ओलांडून गेला. तनुजा थांब्यावर एकटीच होती. कडुबा आत स्टोव्हशी झटत होता. रिक्षावाले अजून यायचे होते. खरं सांगायचं तर बिभीषणनं वेळ बघूनच रस्ता ओलांडला होता.

"ताई, थोडं बोलायचं व्हतं."

"बोला की भाऊ."

त्यानं चिंधी उलगडली. "हे सील. हितनं तेल गळायचं आन प्लेट घसरायची. तुमच्या पायाचा काही संबंध नव्हता."

तनुजानं सीलकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "पयल्या बारीला पण?"

"पयल्या बारीला पण."

"तवा तुमाला दिसलं नव्हतं?"

इथं 'नाही' म्हणणं फार सोपं होतं. तिनं विश्वास ठेवला असता.

"दिसलं व्हतं," तो म्हणाला. "मी पुसलं."

"का?"

"मी बोलून बसलो व्हतो, ताई."

तनुजानं पायाशी ठेवलेली पिशवी उगाच सरळ केली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी ती बोलली ती जणू स्वतःशीच. "मला वाटलं, मला कळतच नाय. पाय आपण उचलला का ठेवला, हेपण आपल्याला कळत नाय, मंग गाडी कशी कळणार? घरात बसल्या बसल्या मी बघत ऱ्हायचे, पाय कुठं हाय म्हणून."

छावणीकडं जाणारी रिक्षा आली. तनुजानं एकेक पिशवी आत ठेवली आणि बसता बसता वळून म्हणाली, "भाऊ, माझ्या पायाचं बोलला तवा अख्खी टपरी ऐकत व्हती. आन हे सांगू राहिलात ते मला एकटीला."

रिक्षा गेली. बिभीषण चिंधी हातात धरून उभा राहिला. टपरीतून कडुबा म्हणाला, "चहा टाकू का मिस्तरी?" तेव्हा कुठं तो हलला.

गाडी तयार झाली. दुरुस्तीनंतरची ट्रायल नेहमी बिभीषण घ्यायचा आणि मालक शेजारी बसायचा. इंद्रजीत सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी न्यायला आला, तेव्हा टपरीचा बाक भरलेला होता आणि तनुजा पिशव्या घेऊन थांब्यावर होती.

"चला, ट्रायल घेऊ," इंद्रजीत म्हणाला.

"ट्रायल ताई घेतील," बिभीषण म्हणाला.

"ती? ती नाय म्हणती हो. सोडून दिलंय तिनं."

"तिनं नाय सोडलं. मी सोडवलं. तुमाला मागून सांगतो." एवढं बोलून तो किल्ली घेऊन रस्त्यापलीकडं गेला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं ती तनुजापुढं धरली. बाकावरची बोलणी थांबली. तनुजानं एकदा किल्लीकडं बघितलं, एकदा बाकाकडं. मग पिशव्या तिथंच कडुबाच्या फळीखाली सरकवून ती आली.

बिभीषण शेजारी बसला. तिनं आरसा नीट केला, गाडी रस्त्यावर काढली आणि दौलताबादच्या बाजूला वळवली. चालवायची ती चांगलं. खड्डा आधी ओळखायची, समोरच्याला जागा द्यायची, उगाच हॉर्न वाजवायची नाही. प्लेटनं पकड घट्ट धरली होती. रेस दिली की गाडी तेवढीच पुढं जायची. मिटमिटा गाव मागं गेलं तसा बिभीषणचा जीव जरा खाली बसला, आणि त्यानं सवयीनं खाली नजर टाकली.

गिअर बदलून झाला की तनुजाचा डावा पाय क्लचवरून निघायचा. पण तो खालीही टेकायचा नाही. वीतभर वर, अधांतरी राहायचा. मांडी थरथरायची, तरी पाय तसाच वर. चूल पेटलेली असताना लहान पोराला एका हातानं लांब धरून ठेवावं, तसा तिनं स्वतःचा पाय गाडीपासून लांब धरून ठेवला होता.

"ताई, पाय टेकवा की. क्लचच्या बाजूला जागा हाय."

"नको," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "लागंल."

"नाय लागत."

"आधी पण लागत नव्हताच ना, भाऊ?"

शरणापूर फाट्यावरून गाडी परत फिरली. परतीच्या सगळ्या वाटेवर त्याची नजर रस्त्यावर गेली नाही, तिच्या त्या पायावरच राहिली. सील बदलता येतं, प्लेट बदलता येते. हे आता कुठून उघडायचं, त्याला समजेना. आपण ह्या बाईचं किती मोठं नुकसान केलं, ते त्याला तिथं, त्या सीटवर बसून पहिल्यांदा पुरतं कळलं, आणि डोळे भरून आले. ते त्यानं ग्रीसच्या हातांनी पुसले.

गॅरेजपाशी आल्यावर तनुजानं इंजिन बंद केलं नाही. तिनं काच खाली करून इंद्रजीतला हाक मारली. "पिशव्या टाकता का आत? पोरं जेवायची थांबली असतील." इंद्रजीत क्षणभर बावचळला, मग कडुबाच्या फळीखालून पिशव्या काढून त्यानं एकेक गाडीत ठेवली. तनुजानं बिभीषणकडं बघून मान हलवली, ती हो म्हणून की येते म्हणून, त्यालाही कळलं नाही. व्हॅन छावणीच्या दिशेनं निघाली.

बाकावरचा रिक्षावाला वाटच बघत होता. "अरे मिस्तरी, बाई गाडी लेके गयी! नयी प्लेट मंगा के रखो!"

हशा पिकला. तोच, दिवाळीनंतरचा. इतक्या महिन्यांत त्याला गंज चढला नव्हता. बिभीषण रस्ता ओलांडून टपरीपुढं येऊन उभा राहिला.

"प्लेट मी जाळली व्हती," तो म्हणाला.

ते आणखी हसले. मिस्तरीची ही नवी गंमत त्यांना आवडली. कडुबा म्हणाला, "आता तुमी कवा बसला क्लचवर पाटावर बसल्यावानी?"

बिभीषणला वाटलं, हसावं आणि संपवावं. त्याच्या ओठापर्यंत ते हसू आलंही होतं. त्यानं ते गिळलं.

"हसू नका," तो म्हणाला. "इंजिनातनं तेल गळत व्हतं. मला दिसलं व्हतं. तुमी हसला व्हतात म्हणून मी ते पुसलं, आन त्या बाईवर आळ घातला. तिचा पाय चांगला व्हता. तिचं काम गेलं, गीताबाईचं काम गेलं, ते माझ्यामुळं. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

आता कोणी हसलं नाही. पंक्चरवाल्यानं कप खाली ठेवला. इंद्रजीत मागं येऊन उभा होता. तो हे ऐकत जमिनीकडं बघत राहिला.

त्या शांततेत पुढच्या गतिरोधकावरून, ट्रकांच्या रांगेत अडकून आत्ता तिथं पोचलेल्या व्हॅनचा आवाज आला. गाडी हळू झाली, गिअर बदलला, आणि क्लच सावकाश सोडायच्या ऐवजी पाय झटकन उचलला गेल्यानं गाडीनं गचका खाल्ला, डबे एकमेकांवर आदळले. मग ती सावरली आणि पुढं गेली. बिभीषणची मान सवयीनं तिरकी झाली होती. त्या गचक्याचं कारण त्याला गाडी न उघडता कळलं.